जुन्या ढंगाच्या मॉडेल विमानासाठी घरी बनवा ट्रान्समीटर: एक स्टिक, एक बटण

पहिल्यांदाच एक गोष्ट पक्की ठरवून टाका. ट्रान्समीटर घरी बनवायचा म्हणजे त्यातला रेडिओचा भाग घरी बनवायचा नाही, तो सरळ २.४ गिगाहर्ट्झचं तयार मॉड्यूल म्हणून विकत आणायचा. आपण बनवायचा तो एन्कोडर, म्हणजे स्टिक किती हलली ते वाचून त्याचा सिग्नल तयार करणारा भाग, आणि त्याच्याभोवतीचा डबा, जो हातात धरला की साठच्या दशकातला वाटला पाहिजे. सगळी मजा आणि सगळं शिकणं या दोन गोष्टींतच आहे, त्यामुळे रेडिओ विकत आणला म्हणून काही कमी होतं असं अजिबात वाटून घेऊ नका.

रेडिओ घरी का नको त्याचं कारण एका गुणाकारात कळेल. जुने सेट २७ मेगाहर्ट्झवर चालायचे, सहा रंगांचे सहा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारे तुकडे, असायचे, ब्राउन २६.९९५, रेड २७.०४५, ऑरेंज २७.०९५ असं करत ब्लूपर्यंत. आता रेडचं बघा, २७.०४५ गुणिले चार म्हणजे १०८.१८, आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्ये खऱ्या विमानांना दिशा आणि धावपट्टी दाखवणारी उपकरणं चालतात. घरी जोडलेल्या ऑसिलेटरमधून असे चौपट, पाचपट फ्रिक्वेन्सीचे हार्मोनिक बाहेर पडतात की नाही हे स्पेक्ट्रम अॅनालायझरशिवाय कळतच नाही आणि तो काय आपल्या घरी नसतो. त्याउलट २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा भारतात २००५ पासून ठरावीक पॉवरच्या आत लायसन्सशिवाय वापरता येतो, आणि तयार मॉड्यूल त्याच हिशोबाने बनलेलं असतं. शिवाय २७ मध्ये एकाच रंगाचे दोन सेट एकदम चालू झाले की एक विमान खाली आलंच, म्हणून मैदानावर खुंट्यांचा बोर्ड ठेवून आपला रंग अडवून ठेवायची पद्धत होती. २.४ मध्ये बाइंड केलेला, म्हणजे आपल्या मॉड्यूलशी जोडी जमवलेला रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) फक्त आपल्याच मॉड्यूलचं ऐकतो.

आता जुनी पद्धत कशी चालायची ते थोडक्यात, कारण आपण तीच प्रोग्रॅममध्ये परत आणणार आहोत. अमेरिकेत कॅलामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये रेडिओवर मॉडेल उडवलं, पण साध्या माणसाच्या हातात हा छंद आला तो पन्नास-साठच्या दशकात, सिंगल चॅनल सेटमुळे. डब्यावर एकच बटण. दाबलं की सिग्नल जातो, सोडलं की थांबतो, बस. विमानाच्या पोटात पिळलेल्या रबराच्या जोरावर फिरणारं एस्केपमेंट नावाचं यंत्र असायचं, सिग्नल आला की इलेक्ट्रोमॅग्नेट त्याचा एक दात सोडायचा आणि रडर, म्हणजे शेपटीची उभी हलणारी पट्टी, एका बाजूला पूर्ण वळायचा, बटण सोडलं की परत मध्ये. अर्धा रडर, पाव रडर असलं काही नाहीच. हे चालायचं कारण विमानच स्वतःहून सरळ आणि सावकाश उडणारं असायचं, पंख वर, डायहेड्रल म्हणजे पंखांची टोकं वर उचललेली, तेही भरपूर. १९४६ चं साठ इंची ज्युनिअर ६० किंवा विक स्मीड यांचं १९५० चं टॉमबॉय, ही विमानं मुळात रेडिओशिवाय सोडून द्यायची म्हणून आखलेली, आपण फक्त मधूनमधून त्यांना कुठे जायचं ते सुचवायचं. तुम्ही असलंच काहीतरी बाल्सामध्ये बांधणार असाल तर हा ट्रान्समीटर त्याला शोभेल. फास्ट एरोबॅटिक विमानाला हा वापरू नका.

काय बनवायचं

माझं मत असं की नवख्याने दोन स्टिकचा डबा करायच्या नादी लागू नये. जुन्या ढंगाच्या विमानाला रडर, एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढं पुरतं. रडर आणि एलिव्हेटर एकाच स्टिकवर, थ्रॉटल बाजूला एका लिव्हरवर किंवा स्लायडरवर, आणि वर एक मोठं लाल बटण. एक टॉगल स्विच द्यायचा, तो एका बाजूला असला की स्टिक चालते आणि दुसऱ्या बाजूला असला की फक्त बटणाने रडर चालतो, जुन्या सिंगल चॅनलसारखा. पहिली उड्डाणं स्टिकवर करा, हात बसला की वर गेल्यावर स्विच टाकून बटणाची गंमत घ्या, गडबड वाटली की परत स्टिक. नवख्यासाठी यापेक्षा सेफ रस्ता मला तरी दिसत नाही.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तापकीर गल्लीत सहज मिळतं, गावाकडे असाल तर ऑनलाइन. एक आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड, शक्यतो नव्या बूटलोडरचा (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम), का ते पुढे सांगतो. एक गिंबल, म्हणजे दोन्ही दिशांना हलणारी स्टिक, मोडक्या ट्रान्समीटरमधून काढलेली चालेल किंवा सुटी स्पेअर मिळते. थ्रॉटलसाठी ५ के किंवा १० के चं लिनियर पॉट, म्हणजे फिरवलं की सारख्या प्रमाणात बदलणारा रेझिस्टर, त्यावर बी ५के किंवा बी १०के असं लिहिलेलं असतं, ए लिहिलेलं घेऊ नका, ते आवाज कमीजास्त करायला असतं आणि मधल्यामध्ये एकदम उडी मारतं. झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, ०.१ मायक्रोफॅरडचे चार सिरॅमिक कपॅसिटर, काही रेझिस्टर, बझर, टॉगल स्विच, पुश बटण, दोन सेलची लायपो बॅटरी. आणि रेडिओसाठी पीपीएम सिग्नल (तो काय ते पुढे येतंच) घेणारं मॉड्यूल, जे ट्रान्समीटरच्या पाठीमागे खोचतात त्या जेआर टाइपचं. फोर-इन-वन मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल घेतलंत तर बरं, कारण त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात आणि फ्लायस्काय, फ्रस्काय अशा बऱ्याच कंपन्यांचे रिसीव्हर त्याला चालतात, म्हणजे मित्राकडे पडून असलेला रिसीव्हरही उपयोगी येतो.

सिग्नल समजून घ्या, इथे घाई नको

पीपीएम म्हणजे एकाच वायरवरून सगळे चॅनल रांगेने पाठवायची पद्धत. प्रत्येक चॅनलला १ ते २ मिलिसेकंदाचा वेळ, मध्य म्हणजे १.५. दोन चॅनलच्या मध्ये ०.३ मिलिसेकंदाचा छोटा पल्स असतो, आणि एका पल्सच्या सुरुवातीपासून पुढच्या पल्सच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ हीच त्या चॅनलची किंमत. आठ चॅनल झाले की एक मोठी गॅप येते, तिच्यावरून मॉड्यूलला कळतं की आता पुन्हा पहिला चॅनल सुरू. पूर्ण फ्रेम २२.५ मिलिसेकंदांची धरा, आठही चॅनल २ वर असले तरी १६ होतात आणि गॅपला साडेसहा उरतात, म्हणजे भरपूर. आपल्याला तीनच चॅनल लागतात तरी आठ पाठवा, उरलेले १.५ वर ठेवून द्या, बरीच मॉड्यूलं आठचीच वाट बघत असतात.

आता स्टिकचा एक मुद्दा जो सुरुवातीला कुणी सांगत नाही. पॉट साधारण २७० अंश फिरतं पण गिंबलची स्टिक जेमतेम ६० अंश हलते. नॅनो पूर्ण फिरण्याचे १०२४ भाग करतो, त्यातले आपल्या वाट्याला येतात सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे वाचन ० ते १०२३ येईल अशी अपेक्षा ठेवू नका, ४०० ते ६२५ वगैरे काहीतरी येईल आणि ते बरोबरच आहे. सव्वादोनशे पायऱ्या या विमानांना खूप झाल्या. फक्त प्रत्येक स्टिकचं सगळ्यात कमी, मधलं आणि सगळ्यात जास्त वाचन मोजून ते ईईप्रॉममध्ये, म्हणजे बंद केलं तरी न पुसल्या जाणाऱ्या नॅनोच्या मेमरीत, साठवायचं, आणि प्रोग्रॅमने त्या तीन आकड्यांवरून १ ते २ मिलिसेकंद बनवायचे.

जोडणी

आधी ब्रेडबोर्डवर, सोल्डरिंग नंतर. प्रत्येक पॉटची दोन टोकं नॅनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली पिन ए०, ए१, ए२ ला. पॉटला बॅटरीवरून वेगळा सप्लाय देऊ नका, नॅनोच्याच ५ व्होल्टवरून द्या, कारण नॅनो त्याच ५ व्होल्टशी तुलना करून वाचतो आणि मग बॅटरी थोडी उतरली तरी मधलं वाचन मध्येच राहतं. मधल्या पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो नॅनोच्या जवळ, नाहीतर सर्वो, म्हणजे विमानात रडर वगैरे हलवणारी छोटी मोटर, थरथरतो. स्टिक उलटी चालली तर पॉटची दोन टोकं अदलाबदल करा किंवा प्रोग्रॅममध्ये उलटवा. बटण डी२ आणि ग्राउंडच्या मध्ये, नॅनोच्या आतला पुलअप, म्हणजे बटण सोडलं की पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर, चालू करून, मोड बदलायचा स्विच तसाच डी३ वर, बझर डी६ वर.

बॅटरी स्विचमधून नॅनोच्या व्हीइन पिनला आणि मॉड्यूलला सरळ वेगळी. मॉड्यूलला नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून पॉवर द्यायची नाही, तो छोटा रेग्युलेटर तापतो. मॉड्यूलच्या पाच पिना असतात, वरून पीपीएम, एक आपल्याला न लागणारी, बॅटरी प्लस, ग्राउंड आणि टेलिमेट्री (विमानाकडून परत येणारी माहिती), पण कुठली बाजू वर हे मॉड्यूलच्या कागदावर नीट बघून मल्टिमीटरने खात्री करूनच करंट द्या, उलटं लावलं तर मॉड्यूल गेलंच. पीपीएम डी९ वरून. मॉड्यूल ३.३ व्होल्टचा सिग्नल मागत असेल तर मध्ये १.८ के आणि ३.३ के चा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणारी रेझिस्टरची जोडी, टाका, ३.३ के ग्राउंडच्या बाजूला, ५ चे बरोबर सव्वातीनच्या आसपास होतात.

बॅटरीवर लक्ष ठेवायला १० के आणि ४.७ के चा अजून एक डिव्हायडर, ४.७ के ग्राउंडच्या बाजूला, त्याचा मधला बिंदू ए७ ला. दोन सेलची लायपो ७ व्होल्टवर आली की तिथे सव्वादोन व्होल्ट येतात, म्हणजे वाचन ४५८ च्या जवळपास, त्याच्या खाली गेलं की बझर वाजवा. हे तपासताना यूएसबी केबल काढा, कारण यूएसबीवर नॅनोचे ५ व्होल्ट खरं तर थोडे कमी असतात आणि बॅटरी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते.

प्रोग्रॅम

पल्स बनवायला डिले वापरून थांबत बसायचं नाही, त्यात स्टिक वाचायला लागणारा वेळ मिसळतो आणि सर्वो नाचतो. टायमर वन वापरा, आठचा प्रीस्केलर (नॅनोच्या घड्याळाला आठने भागणारा) लावला की एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते, १.५ मिलिसेकंद म्हणजे ३००० टिक, हिशोब एकदम सोपा. डी९ ही पिन टायमरला आतूनच जोडलेली आहे, ती हार्डवेअरने उलटसुलट होऊ द्या आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे टायमर मुख्य प्रोग्रॅम क्षणभर थांबवून चालवतो त्या तुकड्यात, फक्त पुढचा वेळ भरा, मग सिग्नल दगडासारखा स्थिर येतो. सर्वो लायब्ररी याच प्रोग्रॅममध्ये घेऊ नका, तीही टायमर वनच पकडते. आणि चॅनलची किंमत बदलताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा, कारण नॅनो आठ बिटचा आहे, सोळा बिटचा आकडा तो दोन तुकड्यांत लिहितो आणि मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना अर्धा नवा आकडा जातो. सर्वो मधूनच एकदा टकदिशी उडतो आणि कारण सापडत नाही, ते बहुतेक हेच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कृपा करून वगळू नका. मुख्य प्रोग्रॅम कुठे अडकला तरी टायमरचा इंटरप्ट चालूच राहतो आणि शेवटची किंमत पाठवत राहतो, रिसीव्हरला वाटतं सगळं ठीक आहे, फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने स्वतः घ्यायची ठरलेली स्थिती, लागत नाही आणि विमान फुल थ्रॉटलवर जात राहतं. म्हणून वॉचडॉग टायमर चालू करा, २५० मिलिसेकंदांचा पुरे, मुख्य लूप दर फेरीत त्याला थोपवत राहील आणि अडकला की नॅनो रिसेट होईल. नव्या बूटलोडरचा नॅनो मी यासाठीच म्हटलं, जुन्या बूटलोडरवर वॉचडॉगने एकदा रिसेट झाला की बोर्ड रिसेटच्याच चक्रात अडकतो.

त्याच्या जोडीला थ्रॉटल लॉक. चालू केल्यावर थ्रॉटल लिव्हर खाली नसेल तर तो चॅनल १ मिलिसेकंदावरच धरून ठेवायचा आणि बझर वाजवायचा, लिव्हर एकदा पूर्ण खाली आली की मगच सोडायचा. हवेत रिसेट झालाच तरी काय करायचं ते ठरलेलं राहतं, लिव्हर खाली, परत वर.

बटणाचा मोड असा. डावंउजवं लक्षात ठेवायला आधीचं काही आठवावं लागू नये म्हणून कंपाउंड एस्केपमेंटसारखं करा. एकदा दाबून धरलं की उजवा रडर, दाबून सोडून लगेच परत दाबून धरलं की डावा, तीन वेळा पटापट दाबलं की थ्रॉटल हाय असेल तर लो आणि लो असेल तर हाय. सोडल्यावर साधारण अर्धा सेकंद काहीच दाबलं नाही की मोजणी शून्यावर. बटणाचे कॉन्टॅक्ट थरथरतात म्हणून बदल झाल्यावर २० ते ३० मिलिसेकंद थांबून मगच तो खरा माना. या मोडमध्ये एलिव्हेटर मध्यावर राहू द्या. रडर किती वळावा ते इथे ठरलेलं असतं, सुरुवातीला १.५ च्या दोन्ही बाजूंना ०.२५ मिलिसेकंद एवढाच ठेवा. स्टिकच्या मोडमध्ये ०.३५ पर्यंत चालेल.

तपासणी, ऑसिलोस्कोप नसला तरी

साधा मल्टिमीटर पुरतो. फ्रेममध्ये एकूण नऊ पल्स असतात, आठ चॅनलचे आणि शेवटचा एक, आणि फ्रेम २२.५ मिलिसेकंदांची, त्यामुळे हर्ट्झवर लावलेला मीटर डी९ वर ४०० च्या आसपास दाखवणार. डीसी व्होल्टवर लावलात तर ०.६ च्या जवळ, आणि सिग्नल उलटा असेल तर ४.४ च्या जवळ. हे दोन आकडे जुळले की पीपीएम बरोबर तयार होतोय असं समजा. उलटा असला तरी बहुतेक मॉड्यूलं घेतात, घेतलं नाही तर प्रोग्रॅममध्ये पोलॅरिटी बदला.

ज्याच्याकडे आधीच ट्रेनर पोर्टचा (शिकवताना दुसरा ट्रान्समीटर जोडायची जागा असलेला) ट्रान्समीटर आहे त्याने मॉड्यूल आणायच्या आधी हा सिग्नल तिथे देऊन बघावा, स्क्रीनवर चॅनलच्या पट्ट्या हलताना दिसतात आणि कॅलिब्रेशन तिथेच नीट करता येतं.

मग मॉड्यूल. अँटेना लावल्याशिवाय ते कधीच चालू करू नका, आतला पॉवर अॅम्प्लिफायर जाऊ शकतो. गोल डायल असेल तर रिसीव्हरचा प्रोटोकॉल कागदावरच्या टेबलाप्रमाणे निवडा, मल्टिप्रोटोकॉलमध्ये शून्य नंबर सीरियलसाठी असतो, पीपीएमसाठी शून्य सोडून दुसरा. बाइंड करा, सर्वो जोडा, अर्धा तास टेबलावर नुसतं चालू ठेवून बघा. काही गरम होतंय का, सर्वो स्वतःहून सरकतोय का.

डबा

जुने डबे पत्र्याचे असायचे, पण लाकडी करायला सोपा आणि २.४ ला आडही येत नाही. चार मिलिमीटरचा प्लाय, कोपऱ्यांना आतून पट्ट्या, पुढची प्लेट अॅल्युमिनियमची आणि तिला राखाडी हॅमरटोन पेंट. पत्र्याचाच डबा हवा असेल तर मॉड्यूलची अँटेना बाहेरच आली पाहिजे, आत ठेवलीत तर रेंज संपली. ट्रान्झिस्टर रेडिओची टेलिस्कोपिक अँटेना शोभेला वर लावायला काहीच हरकत नाही, दिसते फार छान, पण ती कशालाही जोडायची नाही आणि उडवताना मॉड्यूलच्या अँटेनापासून लांब ठेवायची. २.४ चा पाव तरंग जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, एवढी लांब काठी त्याच्या कामाची नाही. खरी अँटेना उभी ठेवा, तिचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

छिद्रं पाडायच्या आधी पुठ्ठ्याचा डबा करून दोन-चार दिवस हातात धरून बघा, अंगठा बटणावर आपोआप जातो का, थ्रॉटलला हात पुरतो का. बॅटरी वेल्क्रोने घट्ट, वायर जिथे सोल्डर केल्यात तिथे हीट श्रिंक स्लीव्ह, आणि वायर ओढली गेली तर ताण सोल्डरवर न येता डब्यावर येईल अशी बांधा. घरी बनवलेल्या डब्यातले निम्मे घोटाळे सैल वायरचेच असतात.

मैदानावर

फेलसेफ आधी लावा, थ्रॉटल पूर्ण खाली, रडर मध्ये किंवा किंचित एका बाजूला म्हणजे विमान गोल फिरत खाली येईल. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, काढून मोटर थोडी फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही, घरी जायचं. मग मॉड्यूलच्या रेंज चेक मोडमध्ये, म्हणजे कमी पॉवरवर, तीसेक पावलं लांब जाऊन सगळे सर्वो बघा, एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा चालू करून, विमान कुणीतरी धरलेलं असताना.

जागा निवडताना सरकारच्या डिजिटल स्काय साइटचा नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ आपल्या विमानांनाही लागतात, लाल झोनमध्ये परवानगीशिवाय नाहीच, हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र २०० फुटांपर्यंतच. विमानतळ आणि लष्करी भागाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनी तर घरातून निघायच्या आधीच बघावं.

पहिलं उड्डाण स्टिकवर, वारा नसताना, सकाळी लवकर. ट्रिम करून विमान हात न लावता सरळ जाऊ लागलं, उंची चांगली मिळाली की स्विच टाका. बटण छोटं छोटं दाबा, एक-दीड सेकंद, सोडा, काय होतंय बघा, मग परत. जास्त वेळ धरून ठेवलं तर नाक खाली जाऊन स्पायरल सुरू होतं, तेव्हा घाबरून दुसरी बाजू दाबू नका, फक्त सोडून द्या. डायहेड्रलवालं विमान स्वतःच सरळ होतं आणि मिळालेल्या वेगावर वर चढतं, जुने लोक याच युक्तीने एका रडरवर लूप मारायचे. उतरताना वाऱ्याच्या विरुद्ध तोंड, थ्रॉटल लो, आणि शेवटच्या दहा-पंधरा फुटांत बटणाला हात लावू नका. घरी आल्यावर बॅटरी डब्यातून बाहेर काढून चार्ज करा, आतल्या आत कधीच नाही, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून वायर हलवून बघा.